मधमाश्यांच्या पाकात गायीचं मिनरल मिक्श्चर घातलं, आता चार पेट्यांच्या दारात पिवळे डाग. चूक झाली का?

पेटीवाली_संगमनेर · 6 जुलै, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. लिहायला जरा लाजच वाटतेय, पण विचारल्याशिवाय कळणार नाही.

आमच्याकडे 12 पेट्या मेलिफेराच्या (युरोपियन मधमाशी) आणि 3 सातेरीच्या (आपली देशी) आहेत. डाळिंबासाठी म्हणून चार वर्षांपूर्वी 5 पेट्या आणल्या, मग नाद लागला. घरी सात गायी आहेत. गायींचं सगळं आमचे हे बघतात, माश्यांचं मी.

तर झालं असं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेट्या उघडल्या तर पराग जवळजवळ नाहीच. फ्रेमच्या कडेला चार-दोन घरांत जुना, काळपटलेला. राणी अंडी घालत होती, पण अळ्या कोरड्या दिसत होत्या, म्हणजे घराच्या तळाशी ते पांढरं दुधासारखं पाणी असतं ना, ते नव्हतं. बाहेर बाजरी हातभर, मका गुडघ्याला, फूल कशालाच नाही. वारा असा की माशी दारातून निघाली की तिरकी जाते.

त्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या माश्या गोठ्याच्या मोरीवर का बसतात गं? टाकीत एवढं स्वच्छ पाणी आहे." बघितलं तर खरंच. गोमूत्राचं पाणी जिथून वाहतं त्या नालीच्या कडेला, शेवाळावर, ओळीने बसलेल्या. माझ्या डोक्यात आलं, गाय भिंत चाटायला लागली की आपण म्हणतो हिला खनिजं कमी पडतायत. मग माशीचंही तसंच असेल.

गायीला रोज 50 ग्रॅम मिनरल मिक्श्चर देतो. त्यातलं एक चहाचा चमचा 2 लिटर पाकात घातलं (एकास एक, साखर आणि पाणी) आणि चार पेट्यांना अर्धा-अर्धा लिटर दिलं. एक दिवसाआड तीन वेळा. बाकीच्यांना साधा पाक. बरणी काढली की तळाला पांढरा गाळ राहिलेला असायचा, बोटाला खडूसारखा लागणारा.

तिसऱ्या वेळेनंतर त्या चार पेट्यांच्या उतरण्याच्या फळीवर आणि समोरच्या भिंतीवर पिवळट-तपकिरी डाग दिसले. दोन पेट्यांसमोर सकाळी वीस-पंचवीस मेलेल्या माश्या. बाकी आठांना काही नाही. सातेरीला मी हात लावला नव्हता, त्या मजेत आहेत.

आता पाक बंद केलाय. पण प्रश्न राहतोच. माश्यांना खनिजं लागतात की नाही? लागत असतील तर द्यायची कशी? आणि हे डाग त्या चमच्यामुळेच का?

---

रानमेवा · 6 जुलै, रात्री 10.15

ताई, केमिकल कशाला घालता? साखर म्हणजे पांढरं विष. गुळाचं पाणी द्या. गुळात लोह, कॅल्शियम सगळं नैसर्गिक असतं. काकवी मिळाली तर उत्तमच.

---

जावळीकर · 7 जुलै, सकाळी 6.20

रानमेवा, तुमचा हेतू चांगला आहे, पण कृपा करून हा सल्ला मागे घ्या. नवीन माणूस वाचेल आणि पेट्या घालवून बसेल. मी घालवल्यात, म्हणून सांगतो.

2005 चा जुलै आठवतो ना सगळ्यांना? आमच्याकडे जावळी खोऱ्यात पाऊस नुसता ओतत होता. माझ्याकडे तेव्हा सातेरीच्या 17 पेट्या होत्या. साखर संपलेली, रस्ता बंद. घरात चुलत्याच्या गुऱ्हाळातला काळा गूळ होता, चांगला, बिनमसाल्याचा. मी म्हटलं आपण खातो तर माशीला काय होतंय. 11 पेट्यांना गुळाचं पाणी दिलं. सहा पेट्या घराच्या पलीकडच्या अंगाला होत्या, त्यांना उरलीसुरली साखर.

आठवड्याने पाऊस जरा थांबला तेव्हा पहिली पेटी उघडली. झाकण उचललं आणि वास आला. आंबट, घाणेरडा, गोठ्याच्या कोपऱ्यात वैरण कुजते तसा. फ्रेमांच्या वरच्या पट्ट्यांवर डाग, पोळ्यावर डाग, माश्यांच्या अंगावर डाग. पोटं टम्म फुगलेली, चिमटीत धरली तर फुटेल अशी. सातेरी किती टापटीप माशी, तुम्हाला माहीत आहे. घाण झालेल्या घरात ती राहत नाही. उघडीप मिळाली तशा पाच वसाहती पेटी सोडून गेल्या. दोन जागेवर संपल्या. साखरेच्या सहाच्या सहा वाचल्या.

का, ते मला नंतर एका जुन्या जाणत्या मधपाळाने महाबळेश्वरला समजावलं. माशी घरात विष्ठा करत नाही, बाहेर उडत जाऊन करते. पाऊस असला की पोटात धरून ठेवते. शुद्ध साखर पचली की मागे काही उरत नाही, त्यामुळे आठ-दहा दिवस निघतात. गुळात राख असते, शेकडा एकाच्या आतबाहेर, शिवाय चोथा, डिंकासारखा चिकट भाग. ते सगळं पोटात साठतं, पाणी ओढतं, आणि मग हगवण. थंड देशांत बर्फामुळे माशी महिनोन्‌महिने कोंडलेली असते, तिथे हेच दुखणं हिवाळ्यात येतं. आपला हिवाळा म्हणजे पावसाळा, एवढंच.

तेव्हा गुळातली खनिजं "नैसर्गिक" हे खरं, पण तीच तर अडचण आहे.

तुमच्याकडे संगमनेरला पाऊस आमच्यासारखा नाही. पण भुरभुर आणि वारा असला की माशी तेवढीच कोंडते. तीन-चार दिवस सलग बाहेर पडल्या नाहीत असं झालं होतं का? आणि ज्या चार पेट्या निवडल्या त्या कशा होत्या? भरलेल्या की हलक्या? हे सांगा, मग चमच्याला दोष देऊ.

---

पेटीवाली_संगमनेर · 7 जुलै, दुपारी 2.05

जावळीकर काका, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलं.

त्या चार सगळ्यात अशक्त पेट्या होत्या. मुद्दामच त्या निवडल्या, कारण त्यांनाच गरज आहे असं वाटलं. दोन तर चार-चार फ्रेमांवर आलेल्या. आणि हो, 29 जून ते 2 जुलै वारा आणि भुरभुर होती, दुपारी तासभर सोडलं तर कुणी बाहेर नाही.

म्हणजे मला काहीच सांगता येणार नाही, असंच ना? अशक्त पेट्या, कोंडलेल्या माश्या आणि वर माझा चमचा.

---

एमएस्सी_कीटक · 7 जुलै, रात्री 11.30

ताई, तुमची नोंद वाचून छान वाटलं, कारण तुम्ही बाकी आठ पेट्यांचंही लिहिलंत. बहुतेक जण फक्त "मेल्या हो" एवढंच लिहितात. पण अशक्त पेट्यांनाच औषध देऊन त्याच मेल्या, यावरून औषध वाईट ठरत नाही. दवाखान्यात मरणारे जास्त असतात, तसं. पुढच्या वेळी चिठ्ठ्या टाकून निवडा.

आता खनिजांचं. थोडं लांबेल.

माश्यांना खनिजं लागतात, यात शंका नाही. आणि ती जवळजवळ सगळी परागातून मिळतात. परागाच्या राखेत सर्वात जास्त पोटॅशियम, मग फॉस्फरस, मॅग्नेशियम, कॅल्शियम, आणि लोह, जस्त, मँगेनीज, तांबं अगदी कणभर. सोडियम मात्र परागातही कमी आणि मकरंदातही कमी. म्हणून तुमच्या सासूबाईंना दिसलं ते अगदी जगभर दिसतं. माश्या शेणाच्या पाण्यावर, मुताऱ्यांवर, पोहण्याच्या तलावावर, घामावरही बसतात. स्वच्छ टाकी सोडून नालीवर जाण्याचं मोठं कारण मीठ आहे. शिवाय नालीच्या पाण्याला वास असतो, त्यामुळे ते एकदा सापडलं की पुन्हा सापडतं.

अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत हर्बर्ट आणि शिमानुकी यांनी 1978 साली याच प्रश्नावर काम छापलं. पराग जाळून त्याची राख केली आणि कृत्रिम खाद्यात वेगवेगळ्या प्रमाणात मिसळली. राख अजिबात नसताना ब्रूड (अंडी, अळ्या, कोश) कमी, थोडी घातली की वाढलं, आणि आणखी वाढवत नेली तसं पुन्हा घसरलं. म्हणजे कमतरता आणि विषबाधा या दोन्हींच्या मधली पट्टी अरुंद आहे. पुढे हर्बर्टने कृत्रिम आहारासाठी सुचवलेलं प्रमाण असं: एक किलो खाद्यात पोटॅशियम 1000 मिलिग्रॅम, कॅल्शियम 500, मॅग्नेशियम 300, आणि सोडियम, जस्त, मँगेनीज, लोह, तांबं प्रत्येकी 50.

50 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे किती? मिठात सोडियम वजनाच्या साधारण 40 टक्के, म्हणजे 0.13 ग्रॅम मीठ. स्वयंपाकघरातली चिमूट पाव ते अर्ध्या ग्रॅमची असते. किलोभर खाद्याला अर्धी चिमूट! "थोडंसं घातलं" म्हणता म्हणता आपण तिप्पट करतो.

आता तुमचा चमचा. पिशवीवर बघा, कॅल्शियम 20 टक्क्यांच्या आसपास असेल, जस्त 0.8, तांबं 0.1 टक्का. चमचा 5 ग्रॅमचा धरला तर 2 लिटरमध्ये कॅल्शियम 1 ग्रॅम, जस्त 40 मिलिग्रॅम, तांबं 5 मिलिग्रॅम. आकडा ऐकून घाबरू नका, त्यातलं बरंचसं कॅल्शियम डायकॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात असतं आणि ते पाण्यात विरघळतच नाही. तोच तुमचा खडूसारखा गाळ. माशीच्या पोटात गेलं ते मुख्यतः विरघळणारं, म्हणजे मॅग्नेशियम, जस्त, तांबं यांची सल्फेटं, आणि मिश्रणात मीठ असेल तर मीठ. मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे आपल्याकडे जुलाब व्हावेत म्हणून देतात तेच.

पण माझा मुद्दा आकड्याहून वेगळा आहे. ही प्रमाणं परागाच्या जागी देतात त्या पिठाच्या गोळ्यासाठी आहेत, पाकासाठी नाहीत. असा गोळा दाई माश्या खातात, म्हणजे पेटीतल्या तरुण माश्या. त्या तो पचवतात आणि डोक्यातल्या ग्रंथींतून अळ्यांसाठी दूध तयार करतात. खाद्य ग्रॅमात जातं आणि अळीपर्यंत गाळून पोहोचतं. पाक लिटरने जातो, सगळ्या माश्या पितात, मधासारखा साठवतात. त्यात घातलेलं मीठ घरात कायमचं येऊन बसतं. युरोपात मावा किडीच्या चिकट्यापासून माश्या मध करतात. तो माणसांना आवडतो, महाग विकतो, पण त्यात खनिजं जास्त म्हणून हिवाळ्यात पेटीत ठेवायला मधपाळ घाबरतात. काकांचा गूळ आणि तो मध, दुखणं एकच.

अजून एक. "जास्त झालं तर बाहेर टाकतील" असं नसतं. मँगेनीजवर 2015 मध्ये एक अभ्यास आला, त्यात मँगेनीज दिलेल्या माश्या वयाच्या आधीच चाऱ्याला बाहेर पडायला लागल्या आणि आयुष्यात एकूण फेऱ्या कमी केल्या. म्हणजे बिघाड बाहेरून दिसेलच असं नाही. पेटीवाल्याला वाटेल व्वा, किती माश्या बाहेर पडतायत!

डागांबद्दल: नोसेमा (माश्यांच्या आतड्याचा रोग) तपासून घ्या. त्या चार पेट्यांच्या दारातून परतणाऱ्या 25-30 वयाने मोठ्या माश्या स्पिरिटमध्ये टाकून राहुरीला कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात विचारा. पोट वाटून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं असतं, काम सोपं आहे. डाग बघून निदान करणं म्हणजे कुंडली बघणं.

---

फिरत्या_पेट्या · 8 जुलै, सकाळी 7.50

मॅडमनी पोटॅशियमचं काढलं म्हणून आमचं गाऱ्हाणं मांडतो. आम्ही कांद्याच्या डेंगळ्यावर (बियाण्यासाठी फुलवलेला कांदा) पेट्या लावतो, जालना-बुलढाण्याकडे, फेब्रुवारी-मार्चमध्ये. शेतकरी भाड्याने घेतो आणि चौथ्या दिवशी फोन करतो, "अहो तुमच्या माश्या माझ्या कांद्यावर बसतच नाहीत, शेजारच्या मोहरीवर जातात. पैसे कोणाचे आणि काम कोणाचं!" यावर्षी एकाने तर अर्धे पैसे कापले.

यात खनिजांचा काही संबंध आहे का? की माझ्या माश्या आळशी?

---

एमएस्सी_कीटक · 8 जुलै, सकाळी 9.10

आळशी नाहीत, चोखंदळ आहेत. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम इतर फुलांपेक्षा खूपच जास्त असतं. ॲरिझोनात वॉलर आणि मंडळींनी 1972 मध्ये हे मोजून दाखवलं आणि माश्या कांदा टाळतात त्यामागे हे कारण असावं असं मांडलं. त्यात आपल्या मार्चच्या उन्हात तो मकरंद आटून घट्ट होतो, मग आणखीच नकोसा.

म्हणून पेट्या आधीपासून नेऊन ठेवू नका. साधारण 10 टक्के गोंडे उमलले की मग न्या, म्हणजे त्यांना आजूबाजूचं दुसरं काही सापडण्याआधी कांदा सापडतो. दोन खेपांत नेल्या तर अजून चांगलं, दुसरी खेप नव्याने शोधायला लागते. आणि शेजारी मोहरी असेल तर शेतकऱ्याला आधीच सांगा, नंतर सांगितलं की ते कारण वाटतं.

---

फिरत्या_पेट्या · 8 जुलै, सकाळी 9.25

हे मी प्रिंट काढून गाडीत ठेवणार आहे.

---

रानमेवा · 8 जुलै, दुपारी 1.00

काका, गुळाचं मागे घेतो. माहीत नव्हतं. पण मग लिथियमचं काय? एका ग्रुपवर फिरतंय की पाकात लिथियम क्लोराइड घातलं की व्हरोआ (माश्यांच्या अंगावरचा परजीवी कोळी) गळून पडतो. तेही खनिजच ना?

---

एमएस्सी_कीटक · 8 जुलै, दुपारी 3.40

खनिज आहे, आहार नाही. ते जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठातलं काम, 2018 मध्ये छापलं गेलं. दुसऱ्याच प्रयोगात वापरलेल्या लिथियमच्या क्षाराने कोळी मरतायत हे त्यांच्या लक्षात आलं. व्हरोआ मरतो हे खरं, पण अळ्यांनाही इजा होते, आणि मधात काय राहतं हा प्रश्न वेगळाच. परवानगी असलेलं औषध ते नाही. ग्रुपवरच्या मापाने घालू नका.

---

जावळीकर · 8 जुलै, सायंकाळी 7.15

मॅडमनी छान उलगडलं. मी फक्त करायचं काय ते सांगतो, कारण ताईंच्या पेट्या आज उपाशी आहेत आणि बाजरी निसवायला अजून महिना आहे.

पाक साधाच द्या, पांढऱ्या साखरेचा. पाकावर माशी तग धरते, पण पिल्लं वाढवत नाही. त्यासाठी पीठ. मी करतो ते असं: फुटाण्याच्या डाळीचं बारीक पीठ, चाळलेलं, त्यात ब्रुअर्स यीस्ट पिठापेक्षा जास्त, पिठीसाखर आणि मळायला आपल्याच पेटीतला मध. बाजारचा मध नको, कुणाच्या पेटीतला रोग त्यात असेल देव जाणे. पुरणाच्या गोळ्याइतका घट्ट. तळहाताएवढी चपटी थापून बटर पेपरवर, आणि थेट फ्रेमांच्या वर, अळ्या आहेत त्या जागी ठेवायची. चार बोटं लांब ठेवली तर बघणारसुद्धा नाहीत. अशक्त पेटीला सुपारीएवढीच द्या, नाहीतर बुरशी येते आणि मेणकिडा घर करतो.

या पिठात आणि यीस्टमध्ये पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम आपसूक असतं, वेगळी पूड घालायची गरज नाही. मॅडम, चुकत असेन तर सांगा.

आणि ज्या दोन पेट्या चार फ्रेमांवर आल्यात त्या एकत्र करा. मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून. अशक्त वसाहतीला खाऊ घालत बसण्यापेक्षा ते बरं. जीवावर येतं, कळतं मला, पण दोन राण्या सांभाळायचा हा महिना नाही.

मोरीवरचं राहिलं. माशीला मीठ हवं असेल तर तिचं ती घेईल, आपण घोटात घालून पाजायचं नाही. पाण्याची दोन भांडी ठेवा. एक साधं, एक किंचित खारट. हवं तिथे बसेल.

---

एमएस्सी_कीटक · 8 जुलै, रात्री 8.30

काका, एक शब्द चुकला नाही.

भांड्यांच्या कल्पनेला पुस्ती जोडते. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठाच्या मंडळींनी नेमकं हेच केलं होतं, 2017 मध्ये छापलंय. माश्यांसमोर वेगवेगळ्या क्षारांची पाणी ठेवली आणि ऋतूप्रमाणे मोजलं. उन्हाळ्यात पराग भरपूर असताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियमच्या पाण्याकडे माश्या पाठ फिरवायच्या. शरद ऋतूत पराग आटला की त्याच पाण्यावर यायला लागल्या. हे तिन्ही क्षार परागात असतात, म्हणजे परागातून मिळेनासं झालं ते पाण्यातून शोधत होत्या.

ताई, तुमच्याकडे गोठा आहे, नाली आहे, 15 पेट्या आहेत. तुम्ही करून बघाच. फक्त वाट्यांच्या जागा रोज बदला. माशी जागा लक्षात ठेवते, पाणी नंतर.

---

पेटीवाली_संगमनेर · 19 जुलै, रात्री 10.10

उशीर झाला, माफ करा. मधे गाय व्यायली.

आधी पेट्यांचं. दोन अशक्त पेट्या कागद घालून एक केल्या. तिसऱ्या दिवशी कागदाचा भुगा दारात पडलेला, आणि भांडण नाही. काकांचा पिठाचा गोळा सगळ्यांना दिला. यीस्ट संगमनेरात मिळालं नाही, नाशिकहून पुतण्याने आणलं. पहिला गोळा मी फ्रेमांच्या कडेला ठेवला होता, तो जसाच्या तसा वाळला. मधे सरकवल्यावर दोन दिवसांत कुरतडून खड्डा. आता अळ्यांच्या तळाशी ते पांढरं पाणी दिसतंय, पातळ थर आहे, पण आहे. डाग नवीन नाहीत. माश्या राहुरीला दिल्या आहेत, निकाल यायचाय.

आता वाट्या. चार स्टीलच्या वाट्या घेतल्या, प्रत्येकीत खडे, म्हणजे माश्या बुडणार नाहीत. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत लिटरला पाव चमचा मीठ, तिसरीत डाळिंबाला देतो ते मॅग्नेशियम सल्फेट तेवढंच, आणि चौथीत फडक्यातून गाळलेलं नालीचं पाणी. (हे गाळताना आमच्या ह्यांनी जे तोंड केलं ते मी इथे लिहीत नाही.) 11 ते 1, दर पंधरा मिनिटांनी मोजायच्या. सासूबाई ओट्यावर बसून मोजायला लागल्या, त्यांना माझ्यापेक्षा जास्त रस.

पहिल्या दिवशी नालीची वाटी एकदम पुढे. मी इथे लिहायलाच बसले होते, मग मॅडमचं वाक्य आठवलं. ती वाटी मी नालीजवळच्या टोकाला ठेवली होती! दुसऱ्या दिवशी तिथे विहिरीचं पाणी ठेवलं. पहिला अर्धा तास माश्या त्याच जागी आल्या, सोंड लावली, उठल्या, पुन्हा बसल्या. मग हळूहळू नालीच्या वाटीवर सरकल्या. सहा दिवसांची बेरीज, सासूबाईंच्या वहीतून: नाली 212, मीठ 147, मॅग्नेशियम 61, विहीर 38. मीठ आणि विहीर यांत एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. यात सातेरी किती आणि मेलिफेरा किती हे सासूबाईंनी वेगळं नाही मोजलं. त्यांच्या मते "माशी ती माशी".

तर मीठपाण्याची वाटी आता कायमची ठेवली आहे, पेट्यांपासून वीस पावलांवर, आंब्याच्या सावलीत. नालीवर दगड टाकले, कारण गायीच्या अंगावर गोचिडाचं औषध मारलं की ते पाणीही तिथूनच जातं, हे माझ्या आधी डोक्यातच आलं नव्हतं.

---

एमएस्सी_कीटक · 20 जुलै, सकाळी 8.00

ताई, ते गोचिडाच्या औषधाचं! तुम्ही पाक दिला त्या आठवड्यात गोठ्यात फवारणी झाली होती का?

---

पेटीवाली_संगमनेर · 20 जुलै, सकाळी 8.45

ह्यांना विचारलं. 30 जूनला मारलं होतं.

पण मग बाकी आठ पेट्याही त्याच नालीवर येत होत्या. की अशक्त पेट्यांनाच जास्त बाधलं? आता तर मला चमचा, वारा, औषध, सगळंच संशयित दिसतंय.

---

जावळीकर · 20 जुलै, दुपारी 12.30

मग तिन्ही वहीत लिहून ठेवा, ताई. तारखेसकट. पुढच्या जुलैत फवारणीची तारीख आणि पाकाची तारीख वेगळी ठेवा, आणि नालीवर दगड ठेवलेतच. डाग आले तर निदान एक तरी नाव कमी होईल.

---

पेटीवाली_संगमनेर · 16 ऑगस्ट, दुपारी 1.20

राहुरीचं कळलं. दोन पेट्यांत नोसेमा थोडा सापडला, दोनांत नाही. म्हणजे चौथा संशयित.

पण लिहायला आले ते दुसऱ्याच कारणाने. बाजरी निसवली आणि फुलात आली. सकाळी सात वाजता माश्या पायांना फिकट पिवळे गोळे लावून येतायत, वाऱ्याने दारात आपटतायत, तरी येतायत. काल उघडलं तर सहा फ्रेमांत परागाची नवी कड. पिठाचा गोळा तसाच पडलाय, आज काढून घेतला.

आणि वाट्या परत मांडल्या, सासूबाईंच्या आग्रहाने. मॅग्नेशियमवर दोन तासांत एकही नाही. मिठावर नऊ. विहिरीवर चार माश्या आणि एक गांधीलमाशी, तिला सासूबाईंनी चपलेने हाकललं, पण वहीत मांडलंय.